एल्झाच्या तिरक्या भाषेतली त्र्याऐंशी पाने

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो. माझा काळा रंग कडांना उडाला आहे, ओळ संपल्यावर वाजणारी घंटी मुकी झाली आहे, आणि माझे ‘के’ हे अक्षर ओळ सोडून जरासे वर उडी मारते. ही खोड मला जन्मापासून आहे. पुढे एका न्यायालयात या खोडीवर अर्धा दिवस खल झाला. पण त्याआधी खूप काही घडले, ते आधी सांगतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या काही अक्षरांच्या डोक्यावर दोन दोन तिरप्या रेघा बसवल्या, कारण मी हंगेरीला जाणार होतो आणि तिथल्या भाषेला त्या लागतात. १९२९ साली मी तिसा नदीकाठच्या आमच्या गावी आलो. मला विकत घेतले आर्मिन लुस्टिग यांनी. त्यांचा हंसांच्या पिसांचा व्यापार होता. उशा, गाद्या, रजया यांत भरायची मऊ पिसे ते पार व्हिएन्नापर्यंत पाठवत. पहिल्या महायुद्धात त्यांचा डावा पाय गेला होता. लाकडी पाय टेकत ते माझ्याभोवती फिरायचे आणि त्यांची थोरली मुलगी सेरेना माझ्यावर पत्रे टंकायची. आई नव्हती. धाकटी एल्झा खिडकीत बसून दोघांच्या चुका काढायची.

त्या घरात सरळ बोलणे म्हणजे आजारपणाचे लक्षण मानत. एकदा व्हिएन्नाच्या एका व्यापाऱ्याने तक्रार केली, की तुमच्या पिसांच्या पोत्यात दगड निघाला. बाबांनी उत्तर सांगितले, “लिही सेरेना. आपले पत्र वाचून आनंद झाला. आमचे हंस दगड घेऊनही उडतात हे आम्हाला ठाऊक नव्हते.”

“बाबा, पुढे लिहा, दगडाचे पैसे लावलेले नाहीत,” खिडकीतून एल्झा म्हणाली.

तो व्यापारी पुढे वीस वर्षे आमचे गिऱ्हाईक राहिला असता. पण वीस वर्षे कुणालाच मिळाली नाहीत.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. सेरेना रोज सकाळी मऊ ब्रशने माझ्या अक्षरांतली शाई काढायची. आलेले पाहुणे माझ्याकडे पाहून म्हणायचे, “काय सुरेख अक्षर आहे हो!” मला वाटायचे, आपल्याला फक्त चांगलेच लिहायचे आहे.

१९४४ च्या वसंतात जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या आणि हुकूम निघाला. यहुदी कुटुंबांनी रेडिओ, सायकली, टेलिफोन आणि टाइपरायटर नगरपालिकेत जमा करावेत. मला न्यायला केलेचेनी नावाचे कारकून स्वतः घरी आले. टोपी काढून ते वाकले, सेरेनाच्या हाताचे चुंबन घेतले आणि म्हणाले, “हस्तचुंबन, बाईसाहेब. त्रास देतोय, माफ करा. पण हुकूम म्हणजे हुकूम.”

“त्रास कसला,” एल्झा म्हणाली, “तुम्ही नेताय म्हणून बरं. चोराने नेला असता तर पावती मिळाली नसती.”

केलेचेनी हसले. त्यांनी खरोखरच पावती फाडून दिली, शिक्क्यासकट. बाहेर रस्त्यावर टोपीत कोंबड्याची पिसे खोवलेले शिपाई उभे होते. बाबांनी त्यांच्याकडे बघून हळूच म्हटले, “ती आपल्या दुकानातली नाहीत. आपला माल इतका हलका नसतो.”

घरातला तो शेवटचा विनोद माझ्या कानावर पडला.

नगरपालिकेत मला केलेचेनींच्या टेबलावर ठेवले. आणि मित्रांनो, तिथे मला काय लिहावे लागले ते सांगताना आजही माझी अक्षरे अडखळतात. आधी सूचना लिहिल्या. अमुक तारखेपर्यंत वीटभट्टीच्या आवारात जमावे. पन्नास किलो सामान आणण्यास परवानगी आहे. आजारी व्यक्तींची योग्य ती काळजी घेतली जाईल. सगळी भाषा अतिशय सभ्य होती. त्यानंतर याद्या लिहिल्या. नाव, वय, पत्ता. एका दुपारी केलेचेनींची बोटे ‘एल’ या अक्षरावर आली आणि मी माझ्याच घरातल्या माणसांची नावे कागदावर उमटवली. लुस्टिग एल्झा. लुस्टिग सेरेना.

बाबांचे नाव मात्र त्या यादीत नव्हते. युद्धात पाय गमावलेल्यांना सूट होती. त्यांचे माफीपत्र टेबलावरच पडले होते, शिक्का मारलेले, अगदी रीतसर. केलेचेनींनी ते हातात घेतले, वाचले, नीट घडी घातली आणि खालच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावले. मग पुन्हा माझ्याकडे वळून त्यांनी टंकले: लुस्टिग आर्मिन, वय ६१.

मी ते पाहिले. मी ते लिहिलेही. यंत्राला नाही म्हणता येत नाही. ज्या घराने मला इतक्या मायेने सांभाळले, त्या घराचा मी घात केला. आणि ज्यांनी मला बनवले, ज्यांनी मला नगरपालिकेच्या टेबलावर मानाने बसवले, त्यांनी माझा घात केला.

जूनमध्ये वीटभट्टीच्या मागच्या रुळांवरून गाड्या गेल्या. नगरपालिकेच्या खिडक्या उघड्या होत्या. शिट्टी ऐकू आली तेव्हा केलेचेनींनी घड्याळ पाहिले आणि जेवणाचा डबा उघडला.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये दार उघडले आणि एक बाई आत आली. केस मुलासारखे आखूड. अंगावर कुणा भल्या मोठ्या माणसाचा कोट. मी तिला चेहऱ्यावरून नव्हे, बोटांवरून ओळखले. केलेचेनी अजून त्याच खुर्चीत होते. सरकार बदलले होते, शिक्का बदलला होता, खुर्ची तीच होती. ते ताडकन उठले.

“हस्तचुंबन, बाईसाहेब! आलात का परत?”

“हो,” सेरेना म्हणाली. “सहल जरा लांबली.”

“आणि घरचे?”

“ते तिकडेच रमले.”

केलेचेनींनी मान डोलावली. बाईंची तब्येत ठीक दिसत नाही, त्यांनी दूध घ्यायला हवे, असे काहीसे ते बोलले. सेरेनाने मला दोन्ही हातांनी उचलले. माझे वजन बारा किलो आणि तिचे जेमतेम पस्तीस. घरापर्यंतच्या रस्त्यात जितके बाक होते, तितक्या बाकांवर आम्ही बसलो.

घर होते, पण तिच्या वाट्याला एकच खोली आली. बाकीच्या खोल्यांत इतर लोक राहायला आले होते. समोरच्या खोलीत विल्मा शारकेझी राहत होती. ती शाळेत चित्रकला शिकवायची. ती यहुदी नव्हती. ती एल्झाची बालमैत्रीण. दोघींनी एका बाकावर बसून आठ वर्षे शिक्षा भोगल्या होत्या, असे विल्मा सांगायची. पहिल्या दिवशी ती पावावर प्लमचा मुरंबा लावून घेऊन आली, सेरेनासमोर बसली आणि म्हणाली, “तू खा. मी काही विचारत नाही.”

सेरेनाला मात्र सांगायचे होते. तिने मला टेबलावर ठेवले, कागद घातला आणि टंकले: त्यांनी माझ्या बाबांना मारले. मग तीन दिवस त्या कागदावर दुसरी ओळ आली नाही. ती सकाळी माझ्यासमोर बसायची, बोटे अक्षरांवर ठेवायची आणि दुपारी उचलायची. हे वाक्य खरे होते, पण त्याच्या पुढे रस्ता नव्हता. चौथ्या दिवशी तिने तो कागद काढून नवा घातला, आणि एका दमात हे लिहिले:

‘त्या वर्षी जूनमध्ये आमच्या नगरपालिकेने आम्हाला परदेश प्रवास घडवला. तिकीट लागले नाही. सत्तर माणसांना मिळून एक डबा होता, त्यामुळे ओळखी लवकर झाल्या. उतरल्यावर लगेच डॉक्टर हजर होते. त्यांनी बाबांना दोन सेकंदांत तपासले. बुडापेस्टच्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही बाबांच्या पायाबद्दल इतक्या झटपट निर्णय घेता आला नव्हता.’

लिहून झाल्यावर ती मोठ्याने रडली. परत आल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

त्यानंतर पाने येत गेली. छावणीतल्या सुपाचे पान. मोजणीसाठी बर्फात उभे राहण्याचे पान. मोजणारा शिपाई गणितात कच्चा होता, म्हणून आम्हाला ताज्या हवेचा लाभ अधिक झाला, असे तिने त्यात लिहिले. प्रत्येक पानाखाली कार्बन लावून ती एक प्रत काढायची. संध्याकाळी विल्मा यायची आणि सेरेना तिला वाचून दाखवायची. विल्मा तोंडावर हात दाबून हसायची, आणि हसता हसता तिचे डोळे भरायचे. एके दिवशी ती मध्येच ओरडली, “थांब, थांब. अगं सेरी, ही तर एल्झा बोलतेय!”

“मग?” सेरेना म्हणाली. “तिकडे रोज तीच बोलायची. आम्ही सगळ्या मरायला टेकलेल्या, आणि ही म्हणते, आज सुपात बटाटा होता, मी त्याला ओळखलं, पण तो घाईत होता. चाळीस बायका हसल्या गं. त्या दिवशी आमच्या झोपायच्या फळीवरची एकही मेली नाही.” तिने हातातला कागद खाली ठेवला. “मला लिहिता येत नाही विल्मा. मी फक्त तिची भाषा वापरतेय. ती नाही राहिली, तिची भाषा तरी राहू दे.”

त्र्याऐंशी पानांत एकच जागा तिरकस नव्हती. ‘एल्झा फेब्रुवारीत गेली. त्या सकाळी ती काहीच बोलली नाही, त्यावरून आम्हाला कळले.’ हे वाचल्यावर विल्मा उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, मला वाटले होते, आता माझे पाप फिटेल. ज्या अक्षरांनी याद्या लिहिल्या, त्याच अक्षरांनी त्या याद्यांचे सोंग उघडे पाडले होते. माझे ‘के’ उडी मारायचे, तेसुद्धा मला आनंदाने उडी मारल्यासारखे वाटायचे.

१९४६ च्या वसंतात केलेचेनींना अटक झाली. सहा महिन्यांनी, युद्धातल्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या नव्या लोकन्यायालयात त्यांच्यावर खटला उभा राहिला. त्याच आठवड्यात विल्मा आली आणि म्हणाली, “सेरी, ती कार्बनची प्रत दे ना मला. नीट एकटीने वाचायची आहे.” सेरेनाने लगेच दिली. वाचणारी एकच होती, तिला नाही कसे म्हणणार?

मलाही न्यायालयात नेले. माझ्या उडणाऱ्या ‘के’मुळे, याद्या माझ्यावरच टंकल्या होत्या हे सिद्ध करता येत होते. मला न्यायाधीशांसमोरच्या टेबलावर ठेवले, म्हणून पुढचे सगळे मी अगदी जवळून पाहिले.

सेरेनाने साक्ष दिली. माफीपत्राबद्दल सांगितले. बाबांनी ते केलेचेनींच्या हातात दिले होते, आणि पुन्हा कधी पाहिले नाही. मग बचावाचे वकील उठले. त्यांच्या हातात कागदांचा एक गठ्ठा होता. कागद बघताच मला ती अक्षरे ओळखू आली. ती माझीच होती, कार्बनच्या निळसर रंगात.

“साक्षीदार बाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या आहेत,” वकील म्हणाले. “परवानगी असेल तर वाचतो. ‘श्री. केलेचेनी हे आमच्या गावातले सर्वांत सभ्य गृहस्थ. टाइपरायटर नेताना त्यांनी माझ्या हाताचे चुंबन घेतले आणि शिक्क्याची पावती दिली. वीटभट्टीवर वृद्धांना डब्यात चढवताना शिपायांनी हात द्यावा, अशी सूचना त्यांनी केली आणि आम्हाला सुखरूप प्रवास चिंतला. बाबांचे माफीपत्र तर त्यांनी फार जपून ठेवले. इतके जपून, की ते आजतागायत कुणाला सापडलेले नाही.’”

मागच्या बाकांवर काही लोक हसले. पण विल्मा हसायची तसे ते हसणे नव्हते. केलेचेनी खाली मान घालून बसले होते, एखाद्याने आपले फार कौतुक केल्यावर भला माणूस बसतो तसे.

मुख्य न्यायाधीश थकलेले गृहस्थ होते. त्या दिवशीचा हा त्यांचा चौथा खटला. त्यांनी विचारले, “बाई, हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“हे खोटं आहे?”

“नाही. शब्दन्‌शब्द खरा आहे.”

“मग तुमची तक्रार काय आहे?”

“साहेब, ते तिरकस आहे.”

“तिरकस म्हणजे?”

मी सेरेनाची बोटे पाहत होतो. ती हवेतच अक्षरे शोधत होती. “म्हणजे... म्हणायचं एक असतं आणि त्याच्या उलट...”

“म्हणजे ते सभ्य नव्हते? त्यांनी पावती दिली नाही?”

“दिली.”

“हाताचं चुंबन घेतलं नाही?”

“घेतलं.”

न्यायाधीशांच्या शेजारी एक रेल्वे कामगार पंच म्हणून बसले होते. ते भल्या आवाजात म्हणाले, “अहो बाई, इथे माणसं मेलीत. त्यावर थट्टा कशाला केलीत? सरळ लिहायचं होतं.”

“सरळ लिहायला गेले होते,” सेरेना म्हणाली. “जमलं नाही.”

तेव्हा तिने मागे वळून पाहिले. तिसऱ्या बाकावर विल्मा बसली होती आणि आपल्या हातमोज्यांकडे पाहत होती.

केलेचेनींना आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी सहा कोठडीतच सरले होते. आरोपीने वैयक्तिक क्रौर्य दाखवले नाही, हे पीडित कुटुंबातील साक्षीदाराच्या लेखनावरून दिसते, असे निकालपत्रात लिहिले गेले. खालच्या खणाची गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि मी टेबलावर चिठ्ठी लावून ठेवलेला पुरावा क्रमांक चार होतो.

घरी आल्यावर सेरेनाने ओरडाआरडा केला नाही. विल्मा स्वतःच दारात आली.

“ते माझे मामा आहेत, सेरी. सख्खे मामा. आईने पाय धरले माझे. म्हणाली, फाशी देतील त्यांना.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगणार होते? तू त्यांच्याबद्दल लिहायचीस आणि मी हसायचे.” विल्माने दाराची चौकट धरली. “मी एक अक्षरही बदललं नाही. तू लिहिलंस तेच दिलं.”

“तेच तर,” सेरेना म्हणाली. “खोटं दिलं असतंस तर मला सिद्ध करता आलं असतं.”

“त्यांना कळेल असं वाटलं होतं मला. कुणालाही कळेल. इतकं उघड आहे ते.”

“तुला खरंच तसं वाटलं होतं?”

विल्मा वळून आपल्या खोलीत गेली. पुढच्या महिन्यात तिने खोली सोडली.

ती गेली त्या दिवशी सेरेनाने मूळ पाने चुलीत घातली. एकेक करून, न वाचता. मी टेबलावरून पाहत होतो. मला राग आला होता, मित्रांनो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हते. विल्माने दगा दिला. न्यायाधीशांनी दिला. पण मला सगळ्यांत जास्त लागला तो शब्दांचा दगा. नगरपालिकेचे गोड शब्द आम्ही हिसकावून आणले होते, त्यांच्याच विरुद्ध उभे केले होते. आणि भर न्यायालयात ते शब्द टुणकन उडी मारून पुन्हा आपल्या जुन्या मालकाकडे गेले.

मग सेरेनाने सगळे पुन्हा लिहिले, सरळ. तारखा, ठिकाणे, संख्या. बावीस पाने झाली. छावण्यांतून परतलेल्यांच्या साक्षी जमवणाऱ्या बुडापेस्टच्या एका समितीने ती घेतली, आभाराचे पत्र पाठवले आणि कपाटात ठेवली. पाठवण्याआधी सेरेनाने ती एकदा मोठ्याने वाचली होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “हे कुणाचं आहे?” त्यात एल्झा कुठेच नव्हती. तिचे नाव होते, वय होते, मृत्यूचा महिना होता.

तिने माझ्यावर झाकण घातले आणि मला पलंगाखाली सरकवले. मी तिथे सतरा वर्षे होतो. माझ्यावर धूळ साचली, दमटपणाने घंटी गंजली. सेरेना दिवसभर बियाण्यांच्या दुकानात काम करायची, संध्याकाळी कोबीच्या शेवया करून एकटी जेवायची. मला त्या काळाबद्दल अधिक काही सांगता येणार नाही. पलंगाखालून फक्त पाय दिसतात.

१९६३ साली बुडापेस्टहून गेदेओन शोमलाई नावाचे संपादक आले. त्यांनी ती बावीस पाने समितीच्या कपाटात वाचली होती आणि त्यांना पुस्तक काढायचे होते. चहा घेता घेता सेरेना म्हणाली, “याच्या आधी एक दुसरं लिहिलं होतं. ते चांगलं होतं.”

“कुठे आहे?”

“न्यायालयात.”

तिने अर्ज केला. उत्तर आले, की सदर दस्तऐवज बचाव पक्षाचा असल्याने आरोपीच्या लेखी संमतीशिवाय त्याची प्रत देता येत नाही. आरोपी पेन्शन घेऊन मागच्याच गल्लीत राहत होता आणि रविवारी कबुतरांना दाणे घालायचा. सेरेनाने त्याच्याकडे संमती मागितली नाही. पण गाव लहान असते. दोन आठवड्यांनी दारावर टकटक झाली. बाहेर विल्मा उभी होती. केस पांढरे झाले होते. तिच्या हातात शाळेच्या चार चित्रकलेच्या वह्या होत्या.

“वकिलाला द्यायच्या आधी उतरवून घेतलं होतं,” ती म्हणाली. “शाळेत तीन दिवसांची रजा टाकली. सगळंच्या सगळं आहे. मामांचं पानसुद्धा.”

“का उतरवलंस?”

“ते मला विचारू नकोस.”

सेरेनाने वह्या घेतल्या. “आभारी आहे,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतले.

मला पलंगाखालून बाहेर काढले. सेरेनाने ब्रश आणला, तेल आणले. चार दिवस ती मला साफ करत होती. मग विल्माच्या गोल अक्षरावरून तिने त्र्याऐंशी पाने पुन्हा टंकली. कित्येक ठिकाणी वहीच्या कागदावर शाई पाण्याने पसरलेली होती. सेरेना तिथे थांबायची, मग पुढे जायची.

शोमलाई पाने वाचून हादरले. “अप्रतिम आहे,” ते म्हणाले. “फक्त एक सुचवू का? सहल, पाहुणचार, सभ्य गृहस्थ, असल्या शब्दांना अवतरणचिन्हं घालू या. वाचकाला कळायला हवं ना?”

“नको.”

“एकदा काय झालं ते तुम्हीच सांगितलंत.”

“सांगितलं. तरी नको. अवतरणचिन्ह म्हणजे विनोद सांगून झाल्यावर कोपराने ढोसणं. एल्झाने कधी कुणाला ढोसलं नाही.”

शोमलाई पाने गोळा करू लागले. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. पण आभाराचं एक पान द्या. पद्धत असते.”

ते पान सेरेनाने त्यांच्यासमोरच टंकले. माझ्यावर लिहिलेल्या सगळ्या पानांत तेवढेच मला अजून तोंडपाठ आहे:

‘माझी मैत्रीण विल्मा शारकेझी हिने हे पुस्तक इतक्या मनापासून वाचले, की ते थेट न्यायालयापर्यंत पोचवले. तिच्यावाचून ते आज वाचकांच्या हाती नसते. आमच्या गावात माझा एक तरी वाचक आहे, हे मला तिच्यामुळेच कळले.’

शोमलाईंनी वाचले आणि म्हणाले, “वा! अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.”

सेरेनाने त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले, ती आता सांगेल. तिने सांगितले नाही.

पुस्तक निघाले. गावात लोकांनी वाचले. काहींना कळले, काहींना नाही. एका वाचकाने सेरेनाला पत्र लिहिले, की छावणीत वैद्यकीय सोय इतकी तत्पर होती हे वाचून आश्चर्य वाटले. ते पत्र तिने दोनदा वाचले आणि फाडून टाकले. आणि मग एका दुपारी विल्मा आली. या वेळी ती दारात थांबली नाही. आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

“पाववाल्या बाईने आज माझ्याकडून पैसे घेतले नाहीत,” ती म्हणाली. “म्हणाली, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. शाळेत मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर ते पान वाचलं. टाळ्या वाजल्या गं सेरी. मी काय करायचं?”

“आभार मानायचे. सभ्यपणे.”

“ती ओळ काढ. दुसऱ्या आवृत्तीत काढ.”

“का? खोटी आहे?”

“नाही.” विल्मा पुढे वाकली. “मग सरळ लिही. सरळ लिही ना, की विल्माने दगा दिला. मला चालेल. रस्त्यात थुंकू देत माझ्यावर.”

“सरळ लिहिलं असतं,” सेरेना शांतपणे म्हणाली, “तर लोकांनी तुला केव्हाच माफ केलं असतं. मामांसाठी केलं बिचारीने, म्हणाले असते.”

मग विल्मा अगदी हळू म्हणाली, “एल्झाने इतकं क्रूर लिहिलं नसतं.”

सेरेना खुर्चीतून उठली. ती काही म्हणणार होती, पण विल्मा उठून गेली होती. सेरेना येऊन माझ्यासमोर बसली. तिने कोरा कागद घातला. बोटे अक्षरांवर ठेवली. बाहेर अंधार पडेपर्यंत ती तशीच बसून होती, आणि त्या कागदावर एकही अक्षर उमटले नाही. दुसऱ्या आवृत्तीत ते पान जसेच्या तसे राहिले. विल्मा मरेपर्यंत गावात तिचे कौतुक होत राहिले. दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

आता सेरेनाही नाही. मी एका वाचनालयाच्या कोपऱ्यात आहे. मित्रांनो, तुम्ही माझी धूळ पुसली नाही तरी चालेल, गंजलेली घंटी दुरुस्त केली नाही तरी चालेल. माझी एवढीच विनंती आहे. एखादा माणूस आपल्या आयुष्यातली सगळ्यांत भयंकर गोष्ट हसत हसत सांगू लागला, तर त्याला थट्टा कशाला करतोस म्हणून गप्प करू नका. आणि तो हसला म्हणून, त्याचे फारसे बिघडले नसावे, असे मानून निश्चिंतही होऊ नका. त्याचे वाक्य घाईने उचलून कुणाच्या हाती देऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश वाचा. मला ते कधी करता आले नाही. मी नुसता लिहीत राहिलो.